एका पत्रातले पाच ‘ड्यू’

परळमधल्या एका गृहनिर्माण सोसायटीतलं हे प्रकरण आहे. जुनी उपकरप्राप्त चाळ पाडून तिच्या जागी दोन विंग उभ्या राहिल्या. काही वर्षांत गच्च्या गळू लागल्या, म्हणून वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. ए विंगची गच्ची पूर्ण झाली, बी विंगची अर्धवट राहिली आणि एप्रिलच्या शेवटी कंत्राटदाराचं इंग्रजीत पत्र आलं. सोसायटीच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंनी ते वाचून समितीला मराठीत सांगितलं. समितीने त्यावर ठराव लिहिला, आणि त्या ठरावात पत्राचा अर्थ पार उलटा झालेला होता.

मी याच भागात संध्याकाळी मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग घेते आणि या ताई माझ्या वर्गात येतात. त्यांची आणि समितीची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई मराठी माध्यमातून दहावी आणि पुढे कॉमर्सने बारावी झालेल्या. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या ऑफिसचं काम धरलं. मेंटेनन्सची बिलं काढणं, पावत्या फाडणं, टॅलीत नोंदी करणं, पालिकेचं आणि बेस्टचं बिल वेळेवर भरलं जातंय का ते बघणं, हे सगळं त्या चोख करतात. हिशेबात त्यांचा हात धरणारं समितीत कुणी नाही. इंग्रजी बोलायला त्या कचरतात, पण कागद वाचतात आणि न समजलेला शब्द वहीत उतरवून घेतात. ‘ड्यू’ हा शब्द मात्र त्यांनी कधी वहीत उतरवला नव्हता, कारण तो त्यांना येत होता. या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, चौकशी करतो. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या शब्दापाशी कुणी थांबत नाही.

पत्रातली कामाची चार वाक्यं अशी होती:

“द वर्क ऑन बी विंग हॅज बीन स्टॉप्ड ड्यू टू नॉन-पेमेंट. ॲन अमाउंट ऑफ रुपीज ८५,००० इज ड्यू टू अस अगेन्स्ट ए विंग बिल. मान्सून इज ड्यू इन जून अँड अवर टीम इज ड्यू टू लीव्ह फॉर अनदर साइट ऑन १५ मे. काइंडली रिलीज ऑल ड्यूज.”

पहिलं वाक्य ताईंनी बरोबर लावलं: पैसे न मिळाल्यामुळे बी विंगचं काम थांबवलं आहे. दुसऱ्या वाक्यात गाडी रुळावरून उतरली. ‘ड्यू टू’ म्हणजे ‘-मुळे’, म्हणून ‘ड्यू टू अस’ म्हणजे ‘आमच्यामुळे’. त्यांनी समितीला सांगितलं, “ए विंगच्या बिलात ८५,०००चा फरक पडलाय, तो आमच्यामुळे पडला असं ते म्हणतायत.” तिसऱ्या वाक्यातला पहिला भाग त्यांनी बिलाच्या भाषेत वाचला: मान्सूनचे, म्हणजे पावसाळी कामाचे पैसे जूनमध्ये द्यायचे. दुसऱ्या भागात पुन्हा ‘ड्यू टू’ आलं आणि त्याला लागून ‘लीव्ह’. लीव्ह म्हणजे रजा हे ऑफिसात कोण जाणत नाही? टीम रजेमुळे १५ मेपर्यंत दुसरीकडे आहे, असा अर्थ लागला. शेवटचं वाक्य मात्र कोड्यात टाकणारं होतं. चूक त्यांची, तर ‘सगळी बाकी द्या’ असं ते का म्हणतायत? ताईंना ते खटकलं होतं, त्यांनी बोलूनही दाखवलं. पण एकदा गोष्ट मनात जुळली की उरलेलं वाक्य तिच्यात कसंतरी बसवलं जातं. सेक्रेटरी म्हणाले, जूनचं बिल ते आत्ताच मागत असतील. ठराव झाला: कंत्राटदाराने ८५,०००च्या फरकाची जबाबदारी मान्य केली आहे, त्यांची टीम रजेवरून आल्यावर पुढचं बोलू.

आठवडाभराने दुसरं पत्र आलं. त्याचा सूर तापलेला होता आणि त्यात वकिलाचा उल्लेख होता. ताई दोन्ही पत्रं घेऊन वर्गात आल्या.

इथे मला ठामपणे सांगायचं आहे की ताईंच्या मनातले दोन्ही अर्थ खरे होते. मेंटेनन्सच्या बिलावर ‘ड्यू’ म्हणजे भरायची रक्कम, आणि हे त्यांना वर्षानुवर्षं बिलं काढून पक्कं माहीत होतं. ‘ड्यू टू’ म्हणजे ‘-मुळे’ हे त्यांना लोकलने शिकवलं. गाडी उशिरा धावत असली की स्टेशनवरची घोषणा कारण सांगते, तांत्रिक बिघाड नाहीतर मेगाब्लॉक, आणि तीच घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत लागोपाठ ऐकून मुंबईकराचा आपोआप अभ्यास होतो. शाळेतल्या रजेच्या अर्जातही ‘ड्यू टू फीव्हर’ घोटलेलं असतं. म्हणजे माहिती बरोबर, पण अपुरी, आणि अपुरी आहे हे कळायला काही वावच नव्हता. ‘रोज दहा शब्द पाठ करा’ म्हणून शब्दासमोर एकेक अर्थ छापलेल्या याद्या वाटल्या जातात, त्यांचा मला राग येतो तो यासाठीच. नेहमीच्या वापरातल्या लहान शब्दांना या याद्या सगळ्यात जास्त दगा देतात.

वर्गात मी पत्राला हात लावला नाही. ताईंना विचारलं, “सूनबाईंची तारीख कधीची दिलीय?”

“ड्यू डेट २० जून दिलीय,” त्या म्हणाल्या.

“मग २० जूनला कुणी कुणाला पैसे द्यायचेत?”

वर्गात हशा पिकला, पण ताई हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या. बाळंतपणाची ड्यू डेट मुंबईत घरोघरी बोलली जाते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून डॉक्टर ती काढतात. तिच्यात देणंघेणं काही नाही आणि ‘-मुळे’ही नाही. मागच्या बाकावरच्या एक बाई पालिकेच्या दवाखान्यात आरोग्य सेविका आहेत. त्या म्हणाल्या, आमच्याकडे ड्यू लिस्ट असते. या आठवड्यात कुठल्या बाळाला कुठली लस द्यायची आहे, त्याची यादी. पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांनी असते, तर ज्याचे दहा आठवडे भरले त्याचं नाव त्या यादीत येतं.

त्या बोलता बोलता ‘द्यायची आहे’ म्हणाल्या आणि पुढचा धागा मला तिथेच मिळाला. फळ्यावर आम्ही मराठी वाक्यं लिहीत गेलो. बाळ यायचं आहे. लस द्यायची आहे. हप्ता भरायचा आहे. पैसे यायचे आहेत. लिफ्ट तपासायची आहे. पाऊस यायचा आहे. यातल्या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत ‘ड्यू’ चालतो. ‘बाकी’ किंवा ‘थकबाकी’ या नामांपेक्षा मराठीतलं हे ‘-यचा आहे’ त्या शब्दाच्या कितीतरी जवळ आहे: ठरलेलं आहे, अजून झालेलं नाही, आणि त्याची वेळ येऊन ठेपली आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. ‘मान्सून इज ड्यू’ याचा अर्थ तेवढाच. त्याचं बिल कुणी काढत नाही.

एक सावधगिरी लगेच सांगायला हवी. ‘मला गोव्याला जायचं आहे’ यातही ‘-यचं आहे’ आहेच, पण तिथे ‘ड्यू’ चालणार नाही, कारण ती इच्छा झाली. जिथे वेळापत्रक, करार, नियम किंवा निसर्गाचा क्रम एखादी गोष्ट ठरवतो, तिथेच हा शब्द बसतो. ताईंनी वहीत लिहून घेतलं: “मनात आलं ते नाही, ठरलेलं ते.”

मग मात्र ‘ड्यू टू’ची गाठ सोडवावी लागली, आणि वेळ सगळा तिथे गेला. पत्रात हे दोन शब्द तीनदा जोडीने आले आणि तिन्ही वेळा अर्थ निराळा होता. काम थांबलं ते पैसे न मिळाल्यामुळे. रक्कम आम्हाला यायची आहे. टीम १५ मेला निघायची आहे. मराठीत या तीन अर्थांना तीन वेगळी रूपं आहेत: ‘-मुळे’, ‘-ला’ आणि क्रियापदाचं ‘-यचं’. इंग्रजीने तिन्ही ठिकाणी एकच ‘टू’ ठेवला. म्हणून फरक नुसत्या ‘ड्यू टू’कडे बघत बसून सापडत नाही, आजूबाजूला बघावं लागतं.

आम्ही एक चाचणी ठरवली. ‘ड्यू टू’ आणि त्याच्या पुढचं सगळं बोटाने झाकायचं. मागे उरलेलं वाक्य आपल्या पायावर उभं राहतं का? ‘द वर्क हॅज बीन स्टॉप्ड’, काम थांबवलं आहे. उभं राहिलं. मग पुढे येतंय ते कारण, म्हणजे ‘-मुळे’. ‘ॲन अमाउंट इज’, एक रक्कम आहे... काय आहे? लंगडं पडलं. ‘अवर टीम इज’, आमची टीम आहे... तेही लंगडं. म्हणजे या दोन ठिकाणी ‘ड्यू’ हाच वाक्याचा गाभा आहे. मग बोट उचलून ‘टू’च्या पुढे काय आहे ते बघायचं. माणूस किंवा संस्था असेल तर त्यांना द्यायचं आहे. क्रियापद असेल तर ती क्रिया व्हायची आहे. ‘लीव्ह’ इथे रजा नसून ‘निघणं’ आहे हे ताईंना असं कळलं. नुसत्या शब्दावरून ते कळणारच नव्हतं, कारण ‘ॲब्सेंट ड्यू टू लीव्ह’ असं मस्टरवर लिहिलं तर तिथे तो रजाच असतो.

या चाचणीला एक भोक आहे आणि ते वर्गातल्याच एका मुलाने दाखवलं. ‘द डिले इज ड्यू टू रेन.’ पुढचं झाकलं तर ‘उशीर आहे...’ उरतं, म्हणजे लंगडंच, तरी अर्थ ‘पावसामुळे’. तिथे मग आधीची वस्तू बघायची. पैसा, हप्ता, लस, भेट या गोष्टी द्यायच्या-व्हायच्या असतात. उशीर, नुकसान, मृत्यू, यश यांना कारण असतं. गंमत म्हणजे जुन्या काळचे इंग्रजी व्याकरणकार याच ‘द डिले इज ड्यू टू’ला शुद्ध मानत आणि ‘काम थांबलं ड्यू टू’ या वापरावर नाक मुरडत. आज दोन्ही सर्रास चालतात आणि त्या जुन्या वादात मी वर्गाला पाडलं नाही.

पण कारणाचा अर्थ देण्याच्या शब्दाला आला कुठून, हा प्रश्न ताईंनीच विचारला, आणि तो विचारल्याचा मला फार आनंद झाला. मूळ लॅटिनमधलं क्रियापद ‘देबेरे’, म्हणजे देणं लागणं. जुन्या फ्रेंचमधून त्याचं ‘ड्यू’ झालं. ‘डेट’ म्हणजे कर्ज, टॅलीतलं ‘डेबिट’ आणि आपण रोज बोलतो ती ‘ड्यूटी’, हे सगळं त्याच कुळातलं. ड्यूटीवर जाणारा माणूस काम देणं लागतो, स्टॅम्प ड्यूटी भरणारा सरकारला पैसे देणं लागतो. आपणही मराठीत म्हणतोच, ‘आपण समाजाचं काही देणं लागतो.’ तसं उशीर पावसाचं देणं लागतो, यश कष्टांचं देणं लागतं. कारणाचा अर्थ असा आला. ताई हिशेबाच्या माणूस आहेत. हे त्यांना मी फळ्यावर लिहायच्या आधीच समजलं होतं.

आता पैशांकडे. दुसऱ्या वाक्याचा खरा अर्थ लागल्यावर समितीत थोडी घबराट झाली, कारण ८५,००० रुपये एकरकमी द्यायचे म्हणजे सोसायटीच्या खात्यावर ताण होता. ताईंनी कामाचा करार आणि ए विंगचं बिल बाहेर काढलं. बिल २,४०,०००चं, दिलेले १,५५,०००, राहिले ८५,०००. आकडा बरोबर होता. पण करारात एक कलम होतं: बिलाच्या १० टक्के रक्कम सोसायटी राखून ठेवेल आणि एक पावसाळा गळतीशिवाय पार पडल्यावर ती ‘ड्यू’ होईल. पहिल्यांदा करार वाचताना ताईंनी या कलमावरून नजर फिरवून पान उलटलं होतं. आता त्या तिथेच थांबल्या. १० टक्के म्हणजे २४,०००. ही रक्कम द्यायची आहे यात शंका नाही, पण तिची वेळ भरलेली नाही. म्हणजे आज ‘ड्यू’ आहेत ते ६१,००० आणि उरलेले २४,००० पावसाळ्यानंतर. कंत्राटदाराच्या पत्रातला ‘ड्यू’ आणि करारातला ‘ड्यू’ यांच्यात २४,००० रुपयांचा फरक होता, आणि तो ना समितीने पकडला ना माझ्या लक्षात आला. तो ताईंनी शोधला.

उत्तराचा मसुदाही त्यांनीच केला. मी दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं. आधीच्या गैरसमजाबद्दल एका वाक्यात दिलगिरी, मग ६१,००० या आठवड्यात देतो, करारातल्या कलमानुसार २४,००० अजून ड्यू झालेले नाहीत, ते पावसाळ्यानंतर देऊ, टीमचं जाणं पुढे ढकलावं. कंत्राटदाराने कलम पाहिलं आणि मान्य केलं. बी विंगची गच्ची पाऊस यायच्या आत झाली.

या प्रकरणातून सोसायटीच्या रोजच्या कामात एक गोष्ट बदलली. टॅलीत येणे बाकीच्या यादीत ‘ड्यू ऑन’ आणि ‘ओव्हरड्यू बाय डेज’ असे दोन रकाने शेजारीशेजारी असतात. ताई दोन्हींकडे थकबाकी म्हणूनच बघत. त्यामुळे ज्यांचं बिल निघालं आहे पण भरायची तारीख अजून आलेली नाही, अशा सभासदांची नावंही आठवण-पत्राच्या यादीत जात आणि पत्राचा मथळा असे ‘थकबाकी’. लोक चिडत, आणि चिडणं बरोबर होतं. या सोसायटीच्या उपविधींत थकबाकीवर २१ टक्के व्याज आहे. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली थकबाकीदाराला समितीची निवडणूकही लढवता येत नाही. इतका जड शब्द मुदत न टळलेल्या माणसाला लावायचा नसतो. आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता ड्यू डेटला भरला नाही तरी पुढे ३० दिवसांची सवलत असते, पॉलिसी त्याच रात्री बंद पडत नाही. देय, मुदत टळलेलं आणि थकलेलं या तीन पायऱ्या आहेत. आता ताईंच्या दोन याद्या असतात. पहिलीचा मथळा ‘देय’, दुसरीचा ‘थकबाकी’.

सगळं सुटलं असं मात्र नाही. वेगाने वाचताना ‘ड्यू टू’ दिसलं की ताईंच्या डोळ्यांपुढे अजूनही आधी ‘-मुळे’च येतं, मग त्या परत मागे जातात. ‘इन ड्यू कोर्स’ने तर त्यांना पुन्हा एकदा चकवलं. एका सरकारी कार्यालयाच्या उत्तरात ते होतं आणि ताई पत्रात तारीख शोधत बसल्या, कारण ‘ड्यू’ आहे म्हणजे तारीख असणारच. तिथे तारीख नसते. ‘इन ड्यू कोर्स’चा अर्थ ‘यथावकाश’, म्हणजे सवडीने, कधी ते सांगितलेलं नाही. अशा पत्रानंतर पाठपुरावा आपणच करायचा.

आणि काही वाक्यं अशी असतात की दोष वाचणाऱ्याचा नसतो. सोसायटीच्या जुन्या फायलीत एक शेरा सापडला: ‘अमाउंट विथहेल्ड ड्यू टू कॉन्ट्रॅक्टर.’ कंत्राटदाराला द्यायची रक्कम रोखून धरली, की कंत्राटदारामुळे रक्कम रोखली? वाक्यावरून काहीही सांगता येत नाही. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्यालाही ते विचारावंच लागेल. म्हणून आम्ही ठरवलं की सोसायटीच्या स्वतःच्या पत्रांत पैशांसाठी ‘पेएबल टू’ लिहायचं, कारणासाठी ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘ड्यू’ फक्त तारखेच्या जोडीने. दुसऱ्यांची पत्रं कशीही आली तरी आपल्याकडून जाणारं पत्र दोन अर्थांचं नसावं. सेक्रेटरींनी हे छापून ऑफिसच्या कपाटावर चिकटवलं आहे.

त्याच पत्रातला ‘अगेन्स्ट ए विंग बिल’ ताईंनी सध्या वहीत उतरवून घेतला आहे. बिलाविरुद्ध पैसे कसे द्यायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. पावतीपुस्तकात हा शब्द पानोपानी आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात वर्गात त्यालाच हात घालायचा आहे.